साठीनंतरचा उपास आणि वजनकाटा

आजचा विषय आहे वजन उतरवण्यासाठी केलेला उपास. देवासाठीचा नाही, काट्यासाठीचा. इंग्रजीत त्याला ‘इंटरमिटंट फास्टिंग’ म्हणतात. दिवसातले काही ठरावीक तासच खायचं आणि बाकीचे तास पोट रिकामं ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. कुणी सोळा तास उपाशी राहून आठ तासांत जेवणं उरकतं, कुणी चौदा तास, कुणी बारा.

मी मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहते आणि आसपासच्या बचत गटांचं काम बघते. मुंबईच्या उत्तरेला, मीरा-भाईंदरमधली ही उंच इमारतींची वस्ती. आमच्या गटांतल्या बऱ्याच बायकांच्या सासवा गावाकडून मुलाकडे राहायला आलेल्या आहेत. कुणी साताऱ्याच्या, कुणी कोकणातल्या, कुणी खानदेशातल्या. गावी त्या खुरपायला जायच्या, पाणी भरायच्या, गोठा बघायच्या. इथे नळ ओट्यावर, लिफ्ट दारात आणि मुलगा लोकलने घरी पोचतो रात्री साडेनऊ-दहाला, म्हणून जेवण त्यानंतर. भाकरी तेवढीच, काम निम्म्याहून कमी. वर्ष-दोन वर्षांत वजन वाढतं, गुडघे बोलायला लागतात, डॉक्टर म्हणतात वजन उतरवा. मग नातू मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवतो आणि आजी दुसऱ्या दिवसापासून सकाळची न्याहारी बंद करते. हे आता गावातही होतंय, कारण मोबाइल तिथेही आहे. म्हणून हे बोलणं तुमच्यासाठी.

पहिली गोष्ट, ही काही परदेशातून आलेली नवलाई नाही. आपल्याकडे चातुर्मासात धारणे-पारणे करणाऱ्या बायका होत्या, अजूनही आहेत. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी जेवण. एकभुक्त म्हणजे दिवसात एकदाच जेवण. आमच्या इथले जैन शेजारी सूर्यास्तानंतर काही खात नाहीत, चौविहार करणारे तर पाणीही घेत नाहीत. नया नगरातल्या मैत्रिणी रमजानचा महिनाभर रोजे धरतात. पोट काही तास रिकामं ठेवणं आपल्याला नवीन नाही. फरक असा की एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर गोड चहा घेतो. दुप्पट खाशीची म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिनं त्यात नावालाच. त्या उपासाने पुण्य मिळत असेल, वजन उतरत नाही.

महाराष्ट्रात वजनासाठीचा उपास घराघरात पोचवला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. मूळ कल्पना नागपूरकडचे डॉ. श्रीकांत जिचकार यांची. ते 2004 मध्ये अपघातात गेले. दीक्षितांनी ती पुढे नेली, पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली. 2018 च्या सुमारास तर लग्नाच्या पंगतीतही ‘मी दीक्षित करतोय’ असं ऐकू यायचं. त्यांचं सांगणं साधं आहे : खरी कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा, आणि रोज 45 मिनिटं चाला. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा चालतो. त्याच काळात ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खा असं सांगत होत्या, आणि लोक दोन गटांत वाटले गेले. ज्या भांडणात पाककृती आणि वजनाचे आकडे दोन्ही असतात, त्यात महाराष्ट्र मनापासून भाग घेतो.

या भांडणात एक गोष्ट मागे पडली. दीक्षितांनी सुरुवातीलाच रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या आहेत. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी दोन जेवणं तेवढी पाठवली, तपासण्या गाळल्या.

आता शरीरात काय होतं ते बघू. आपण जेवलो की रक्तात साखर वाढते. इन्सुलिन ती पेशींत पोचवतं आणि उरलेली यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, साठवतं. ही झाली गटाच्या पेटीतली रोख. जेवण बंद झालं की शरीर आधी ही रोख खर्च करतं. साधारण बारा-चौदा तासांत ती आटत येते, तसतसा चरबीचा वापर वाढतो. चरबी म्हणजे बँकेतली मुदत ठेव. इथवर व्हिडिओतलं बरोबर आहे. पण शरीराकडे तिसरी मालमत्ताही आहे : स्नायू, आपलं मांस. ती दुभती शेळी. हप्ता भरायला पैसे कमी पडले की कधी कधी घरातला माणूस ठेव न मोडता शेळीच विकतो, तसं शरीरही स्नायू मोडून खातं. पुरेशी प्रथिनं मिळाली नाहीत आणि अंगाला काम नसलं, तर हमखास.

वजनकाट्याला हे कळत नाही. चरबी गेली तरी किलो कमी, स्नायू गेले तरी किलो कमी.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 116 जणांवर बारा आठवडे एक प्रयोग झाला, 2020 मध्ये तो छापून आला. एका गटाला दुपारी बारा ते रात्री आठ एवढंच खायला सांगितलं, दुसऱ्याला रोजच्यासारखं तीनदा. उपास करणाऱ्यांचं वजन सरासरी किलोभरही उतरलं नाही, आणि दुसऱ्या गटाशी तुलना केली तर म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यातल्या ज्यांच्या शरीराची बारकाईने मोजणी केली, त्यांच्या उतरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा चरबीचा नव्हताच, स्नायूंसारख्या भागाचा होता. एरवी वजन उतरताना हा वाटा पाव हिस्सा किंवा त्याच्या आसपास असतो. पुढे 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा प्रयोग आला, 139 जण, वर्षभर. सगळ्यांना कमी खायला सांगितलं होतं, त्यातल्या निम्म्यांना वेळेचंही बंधन होतं. वेळ पाळणाऱ्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, न पाळणाऱ्यांचं 6.3. हा फरक ठामपणे मोजण्याइतका नाही असं त्या डॉक्टरांनीच लिहिलं. म्हणजे काम मुख्यतः कमी खाण्याने होतं. घड्याळ त्याला मदत करतं, कारण रात्री नऊनंतर डब्यात हात जात नाही.

तरुण बाईचे थोडे स्नायू गेले तर ती भरून काढते. साठीनंतर ते कठीण. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतात, स्नायू वयाप्रमाणे आपोआप झिजत असतात. त्यावर उपासाने आणखी गेले, तर काट्यावर पाच किलो कमी दिसतील आणि बाई न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडून घेईल. खुबा मोडलेली म्हातारी बाई तुमच्याही गावात असेल, पुढे काय होतं ते सांगायला नको.

म्हणून माझं सांगणं तासांपेक्षा ताटाबद्दल जास्त आहे. साठीपुढच्या माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत. साठ किलोच्या बाईला साठ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब वेगळा, तो डॉक्टरच करतील.) आता आपल्या घरात काय असतं? एक अंडं 6 ग्रॅम. घट्ट वरणाची वाटी 6-7. मटकी-मुगाच्या उसळीची भरलेली वाटी साधारण 8. मूठभर शेंगदाणे 7. दूध पेलाभर 6. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या 10. कागदावर हे सहज जमतं. पण घरात बाई शेवटी जेवते, तेव्हा वरणाच्या तळाला पाणी आणि ताटात भाकरी-ठेचा उरतो. दोन वेळा असं जेवलं तर तीस ग्रॅमही होत नाहीत. तीनदा अर्धपोटी जेवणारी बाई दोनदा अर्धपोटी जेवायला लागली, तर त्याला आहार म्हणता येणार नाही. दोनदाच जेवायचं असेल तर दोन्ही वेळा उसळ किंवा घट्ट वरण, सोबत दही, अंडं, मासे किंवा सोयाबीन वडी असं भरलेलं ताट हवं, आणि ते सगळ्यांबरोबर बसून खाल्लेलं हवं. हे सासूबाईंना सांगायचं की सुनेला, ते तुमच्या घरात तुम्ही ठरवा.

औषधं चालू असतील तर हा पुढचा भाग नीट ऐका. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी घेत असाल तर साखर एकदम खाली जायची भीती कमी. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि इन्सुलिन पोट रिकामं असलं तरी साखर उतरवत राहतात. बऱ्याचदा एकाच गोळीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही असतात, म्हणून पाकिटावरचं बारीक अक्षर नातवाकडून वाचून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं दिसली तरी डॉक्टरांना न विचारता लांब उपास नको, त्यात रक्तात आम्ल साठण्याचा वेगळा धोका आहे. लघवी जास्त व्हायला लावणारी रक्तदाबाची गोळी असेल आणि उपासात पाणीही कमी प्यायलं, तर उठताना भोवळ येते.

घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, भलतंच बोलणं, ही साखर उतरल्याची खूण. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा, मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. त्या वेळी उपास मोडला म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये.

आमच्या नया नगरातल्या मधुमेही मैत्रिणींकडून मी एक शिकले. त्या रमजान लागायच्या आधीच डॉक्टरांकडे जाऊन येतात आणि गोळीची वेळ, कधी मात्रा, बदलून घेतात. वजनासाठी उपास करणारी बाई मात्र सोमवारी व्हिडिओ बघते आणि मंगळवारी सुरू करते.

काहींनी हा उपास करूच नये. आधीच किडकिडीत असलेल्या, गेल्या काही महिन्यांत आपोआप वजन उतरलेल्या (त्याचं कारण आधी शोधायला हवं), हिमोग्लोबिन कमी असलेल्या, मूत्रपिंडाचा आजार किंवा पित्ताचे खडे असलेल्या, वरचेवर पडणाऱ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या लेकीसुनांनीही नाही.

बाकीच्यांनी सुरुवात बारा तासांपासून करावी. संध्याकाळी साडेसातला जेवण, सकाळी साडेसातला न्याहारी. तुम्ही म्हणाल यात काय मोठंसं. पण मधला चहा-बिस्किट, मालिका बघताना फरसाण, रात्रीचं उरलेलं संपवणं, एवढं यातच सुटतं. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम साखर. ती अर्धी केली तरी महिन्याच्या वाणसामानात कळते. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या दोन-तीन सासूबाईंनी मुलाची वाट बघत जेवणं सोडलं. त्या साडेसातला जेवतात आणि तो आला की त्याच्या ताटाजवळ नुसत्या बसतात. पहिले आठ दिवस मुलगा रुसला, आता त्याला सवय झालीय.

महिनाभर बारा तास नीट जमले, चक्कर नाही, झोप बरी, तर डॉक्टरांना विचारून तेरा-चौदा करा. साठीनंतर सोळाच्या मागे लागायची गरज मला तरी दिसत नाही. वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाने उतरू नये.

आणि काट्याबरोबर पायांचीही परीक्षा घ्या. भिंतीला टेकवलेल्या, बिनहाताच्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी घडी, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्टच्या बाईला बाराच्या खाली आले तर पाय कमजोर समजायचे, पासष्ट ते एकोणसत्तरला अकराच्या खाली, सत्तर ते चौऱ्याहत्तरला दहाच्या खाली. हाच आकडा दर महिन्याला गटाच्या वहीत वजनाशेजारी लिहा. वजन उतरतंय आणि हा आकडा तेवढाच आहे किंवा वाढतोय, तर ठीक चाललंय. दोन्ही उतरताहेत, तर उपास थांबवा आणि ताट बघा. हीच उठबस रोज दहा-दहा वेळा दोनदा केली तर व्यायामही होतो, गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या.

कंबरही मोजा, शिवणाच्या टेपने, बेंबीच्या पातळीवर. बायकांना 80 सेंटिमीटरच्या वर गेली तर पोटाची चरबी जास्त. कधी कधी वजन तेवढंच राहतं आणि कंबर दोन बोटं उतरते, ते चांगलं लक्षण आहे.

उपास सुरू करण्याआधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन या, रक्तदाब आणि साखर तिथे तपासतात, शहरात असाल तर पालिकेच्या दवाखान्यात. आशाताईंना दिवस विचारा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि जाहिरातीतली चूर्णंसुद्धा. डॉक्टरांना एवढंच विचारा : मी रात्री साडेसातनंतर सकाळपर्यंत काही खाल्लं नाही, तर यातली कुठली गोळी कधी घेऊ? उत्तर तिथल्या तिथे पाकिटावर लिहून घ्या.