आडवाटेवरची चाकोरी

गेल्या पाच-सहा वर्षांत कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील अनेक घरांच्या दारात उंच चाकांची, चौकोनी बांध्याची मोटार उभी राहिलेली दिसते. २०२० मध्ये थारची नवी आवृत्ती आली, २०२३ मध्ये जिम्नी आली, आणि एके काळी मोठा शेतकरी व वनखाते यांच्यापुरते मर्यादित असलेले हे वाहन घरातील तरुणांच्या हौसेचा विषय झाले. हौस वाईट नाही. मात्र खरेदीपूर्वी एक गोष्ट पाहून घ्यावी. २०२३ पासून थारची, बाहेरून जवळजवळ तशीच दिसणारी पण केवळ मागच्या दोन चाकांना शक्ती देणारी आवृत्तीही मिळते. गाडी घेऊन सहा महिने झाले तरी आपली गाडी दोनचाकी शक्तीची की चारचाकी, हे ठामपणे सांगता न येणारे मालक भेटतात!

जिच्यात ही सोय असते, तिच्या गिअरच्या दांड्याशेजारी एक लहान दांडा असतो. त्याचे काम थोडक्यात असे. नेहमीच्या रस्त्यावर शक्ती मागच्या चाकांना. निसरड्या मातीत, वाळूत वा चिखलात ती चारही चाकांना. आणि ‘लो’वर टाकले की वेग निम्म्याहून कमी होऊन ओढण्याचा जोर दुपटीहून अधिक. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. मातीवर चाक किंचित घसरून हा फरक भरून काढते. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही आणि सारा ताण दातेरी चक्रांवर येतो. म्हणून डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडून फिरणे हे रुबाबाचे नव्हे, तर यंत्र मोडण्याचे लक्षण आहे.

यंत्राची माहिती कंपनीच्या पुस्तिकेत सविस्तर मिळते. पुस्तिकेत मिळत नाही ती जमिनीची माहिती. ‘गाडी येथून जाऊ शकेल काय?’ हा नव्या मालकाचा नेहमीचा प्रश्न. ‘ही जमीन कोणाची आणि तिच्यात काय आहे?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आपल्याकडे जी जागा मोकळी, ओसाड, जणू गाडी पळवण्यासाठीच ठेवलेली वाटते, ती बहुधा तशी नसते.

कोकणातील कातळसड्याचेच पाहा. रत्नागिरी, लांजा, राजापूर या तालुक्यांत जांभ्या दगडाचे मैलोन्‌मैल सपाट सडे आहेत. झाड नाही, कुंपण नाही. उन्हाळ्यात तर गवताची काडीही हिरवी नसते. त्याच सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभे राहणाऱ्यास तो पूर्ण दिसतही नाही. कोरीव रेषा उथळ, त्यावर माती आणि वाळले गवत. दीड टनाच्या गाडीच्या चालकाला आपण कशावरून चाललो आहोत हे कळणे अशक्य आहे, आणि ज्यांची नोंद अद्याप झालेली नाही अशा शिल्पांना तर दगडांचे कडेही नसते.

घाटमाथ्यावरील पठारांची कथा निराळी असली तरी तितकीच नाजूक आहे. साताऱ्याजवळचे कास २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारसा ठरले. तेथील जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ, पुष्कळ ठिकाणी काही बोटांचाच. पावसाळ्यानंतर फुलणारे सारे बी त्याच थरात वर्षभर पडून असते. ओल्या मातीवरून चाक गेले की माती दबते आणि चाकोरी पडते. पुढच्या सरीचे पाणी त्याच चाकोरीतून धावते आणि उरलेली माती धुऊन नेते. एका चाकाची खूण अशी ओहोळ होऊन जाते. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारासारख्या ठिकाणी पावसाळी दिवसांत गाड्यांना जो ऊत येतो, त्यामुळे नेमके हेच घडते. चातुर्मासात साधूंचा विहार का थांबतो, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. सड्यावरच्या वीतभर खोल डबक्यात वाकून पाहिले, तर बेडकांची पिल्ले आणि असंख्य कीटक यांच्या रूपाने ते कारण डोळ्यांना दिसते. आडवाटेच्या सफरींचा हंगाम मात्र नेमका तोच!

समुद्रकिनाऱ्यावर हंगाम बदलतो, धोका बदलत नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास, दापोलीतील आंजर्ले, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालून परत जातात. घरटे सुमारे दीड फूट खोल, आत शंभराच्या आसपास अंडी. वर सपाट वाळू. पिल्ले दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात तेव्हा त्यांना पाण्यापर्यंत जावयाचे असते, आणि टायरची खोल रेघ ही त्यांच्यासाठी चढता न येणारी खंदकाची भिंत ठरते. गोव्यात किनाऱ्यावर मोटार नेणाऱ्यांवर पोलिस गुन्हे नोंदवतात. कोकणातही, भरतीत अडकलेली मोटार ट्रॅक्टरने ओढून काढल्याच्या बातम्या सुटीच्या दिवसांत वारंवार वाचावयास मिळतात.

कायद्याची बाजूही मालकाने स्वतः जाणून घ्यावी. ‘सगळेच जातात’ हा बचाव चालत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात अनधिकृत प्रवेश हा अपराध आहे. अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय जाणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध केले असून अपराधात वापरलेले वाहन जप्त होऊ शकते. उरलेली बरीचशी जमीन कोणाच्या ना कोणाच्या सातबारावर असते किंवा गावाचे गायरान असते. नदीचे पात्रही मोकळे मैदान नव्हे: डिसेंबर २०२३ मध्ये लाहौल-स्पितीत वाहतूक कोंडी टाळण्यासाठी एकाने चंद्रा नदीतून गाडी घातली आणि पोलिसांनी त्याला ३,५०० रुपये दंड केला.

दुसरी फसगत फेरफारांची. मोठे टायर, उंचावलेली चौकट, पुढे लोखंडी कठडा यांचा बाजार तेजीत आहे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. लोखंडी कठड्यांवर कारवाई करण्याचे निर्देश केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना दिले होते. विम्याचा कागदही वाचावा. शर्यत व वेगचाचणी त्यात वगळलेली असते, आणि इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान वेगळे संरक्षण घेतले नसल्यास बहुधा मिळत नाही.

आता प्रत्यक्ष चालवण्याविषयी, निदान ज्या तीन गोष्टींत माणसे जायबंदी होतात त्यांविषयी. पहिली पाण्याची. वाहते पाणी एक फूट असेल तर लहान मोटार हलते. दोन फूट असेल तर जीपही वाहून जाऊ शकते, कारण गाडी जड असली तरी ती काही अंशी तरंगते. पुस्तिकेतील खोलीचा आकडा साचलेल्या पाण्यासाठी समजावा. गढूळ ओढा पायी चालून पाहता येत नसेल, तर तो मोटारीनेही ओलांडू नये. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा किल्ली फिरवू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही, पण इंजिनाचे दांडे वाकतात. दुसरी गोष्ट दोराची. रुतलेली गाडी ओढताना दोर चौकटीवरच्या मजबूत हुकालाच बांधावा, बंपरला कधीच नाही. ताणलेला दोर सुटला तर त्याच्या टोकाचे लोखंड गोळीसारखे येते. दोरावर ओले पोते टाकावे, आणि मुलांना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर उभे करावे. तिसरी, एकटे न जाण्याची. दोन गाड्या नसतील तर सफर पुढे ढकलावी.

मग जावे कोठे? शिकण्यासाठी आखून दिलेली जागा उत्तम. महिंद्र कंपनीने इगतपुरीला अशी प्रशिक्षणभूमी उभारली आहे. स्वतःच्या किंवा पाहुण्यांच्या शेतातही पुष्कळ शिकता येते. अन्यत्र आधीपासून बैलगाडी-ट्रॅक्टर जात असतील तेवढ्याच वाटेने जावे. ‘चाकोरीबाहेर जाणे’ मराठीत कौतुकाने म्हटले जाते. सड्यावर तेवढे ते करू नये. वाटेत चिखल आला तर बाजूच्या गवतातून नवी वाट पाडण्यापेक्षा परत फिरावे. गावात शिरताना पाटलांना, सरपंचांना किंवा गुराख्याला विचारावे: “दादा, ही वाट कोणाची? गाडी नेली तर चालेल का?” बहुतेक वेळा उत्तरासोबत पुढचा ओढा चढला आहे की नाही हेही कळते.

वाळूत जाण्यासाठी टायरमधील हवा बत्तीसवरून अठरापर्यंत उतरवली असेल, तर डांबरी रस्ता लागण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. मऊ टायर वेगात तापतो आणि वळणावर रिमवरून निसटतो. हवा भरण्याचा छोटा पंप गाडीतच ठेवावा. आणि घरी आल्यावर गाडीचा तळ धुवावा. चिखलासोबत चिकटलेले गाजरगवताचे बी पुढच्या रविवारी दुसऱ्या पठारावर उतरते.