संगणकाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

आपल्या समाजातील पुष्कळ मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. सुरतेसारख्या मागांच्या व भरतकामाच्या यंत्रांच्या शहरात या विद्येचे मोल काय वर्णावे? मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमामुळे लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. परंतु आर्डुइनोसारखे शिकाऊ बोर्ड घरच्या लिनक्स संगणकाला जोडले, की पुष्कळदा 'परवानगी नाही' असे उत्तर येते. हा अडथळा का असतो व तो सुरक्षितपणे कसा दूर करावा, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

लिनक्सची घडण युनिक्सच्या धर्तीवर झाली आहे. युनिक्सचा आरंभ १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी केला. एका यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे, म्हणून कोणास काय वापरता येईल याचे नियम त्यात घातले गेले. त्यात बहुतेक उपकरणे फाइलीच्या रूपाने दिसतात आणि प्रत्येक फाइलीवर मालक, गट व इतर या तिघांचे हक्क वेगळे नोंदलेले असतात. 'रूट' हा मात्र सर्वाधिकारी होय.

अडचण आली की दोन आडवाटा सुचविल्या जातात. पहिली, सर्व काम 'रूट' होऊन करावे. यात एका चुकीच्या आज्ञेने सारा संगणक पुसला जाऊ शकतो. दुसरी, उपकरणाला ६६६ हा हक्क देऊन ते सर्वांस खुले करावे. मग त्या संगणकावरील कोणीही त्यात वाचू-लिहू शकतो. शिवाय बोर्ड काढून पुन्हा जोडले की हा हक्क नाहीसा होतो.

सरळ वाट गटाची आहे. डेबियन व उबंटू यांत अशा बोर्डासाठी 'डायलआउट' नावाचा गट असतो; मोडेमवरून फोन लावण्याच्या काळातले हे नाव. व्यवस्थापकाने विद्यार्थ्याचे नाव या गटात घालावे आणि विद्यार्थ्याने एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा, की काम झाले. ज्या उपकरणास योग्य गट नाही, त्याच्यासाठी 'युडेव्ह'चा नियम लिहावा. त्यात उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक देऊन तेवढ्याच वस्तूची परवानगी देता येते. 'सिस्टमडी' असलेल्या संगणकावर तर ती केवळ समोर बसलेल्या व्यक्तीपुरती ठेवता येते. ती व्यक्ती बाहेर पडली की परवानगीही संपते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. सर्वच गट निरुपद्रवी नसतात. 'डिस्क' गटात गेलेला मनुष्य फाइलींचे सर्व नियम ओलांडून थेट डिस्क वाचू-लिहू शकतो; म्हणजे तो जवळजवळ 'रूट'च झाला. घरातील हिशेब, छायाचित्रे, पत्रे, काहीच त्याच्यापासून झाकलेले राहत नाही.

वाचनालयाचे कपाट उघडावयास कोणी तिजोरीची किल्ली देत नाही. घरच्या संगणकावरही हाच विवेक ठेवावा. मुलांना शिकण्यापासून अडवू नये. ज्याला जे उपकरण हवे, तेवढ्याचीच किल्ली त्याच्या हाती द्यावी, अशी सर्व कुटुंबांस आमची विनंती आहे.