गाडीतून उतरू नये

आपल्या भिवंडीचे पुष्कळ लोक ट्रक, टेम्पो चालवतात. पण सिंहाच्या रानातून गाडी हाकायची झाली तर?

आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाचे जंगल आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. तेथे वाघ पाहायला जिप्सी गाडीतून नेतात. बरोबर वाटाड्या असतो. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नावाचे मोठे रान आहे. तेथे मात्र लोक आपली मोटार आपणच हाकतात. सिंह, हत्ती, गेंडे आसपास मोकळे फिरतात.

म्हणून नियम कडक आहेत. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्या रस्त्यावर ४०. संध्याकाळी ठरल्या वेळेला फाटक बंद होते. उशीर केला, की दंड. आणि वाटेत गाडीतून उतरायचे नाही.

असे का? सिंह रोज गाड्या पाहून सरावतो. गाडी व आतली माणसे मिळून त्याला एकच मोठी वस्तू दिसते. ती त्याची शिकार नव्हे. पण कोणी खाली उतरला, की त्याला माणूस दिसतो. मग तो पळेल, नाहीतर अंगावर येईल. हत्तीचे वेगळे. तो चिडला तर गाडीच उलथवतो. त्याला वाट द्यावी, भोंगा वाजवू नये.

हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या तालुक्याला तुंगारेश्वरचे जंगल लागून आहे. तेथे बिबटे आहेत. रात्री बिबट्या आडवा आला, तर गाडी थांबवा, काचा लावा, त्याला जाऊ द्या. फोटो काढायला उतरू नका. फोटो हुकला तर हुकू दे. घरी आपली वाट पाहणारी माणसे आहेत.