४८०० किलोमीटर सायकल, पण एका वेळी ९०च! छोट्या उद्दिष्टांचा फायदा काय?

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर, मुदत नऊ दिवस. ऐकूनच पाय दुखायला लागतात! पण या शर्यतीत पन्नासहून अधिक टाइम स्टेशन्स असतात. म्हणजे पुढचा टप्पा सरासरी ९० किलोमीटरच्या आसपास. तिथली वेळ नोंदवायची आणि पुढे निघायचं.

असे तुकडे पाडल्यानं नेमकं काय होतं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांनी गणितात कच्च्या मुलांवर केलेला प्रयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना सांगितलं, सात तासिकांत ४२ पानं संपवा. काहींना, दर तासिकेला सहा पानं. बेरीज तीच. तरी सहा पानंवाल्यांची वजाबाकी जास्त सुधारली आणि आत्मविश्वासही वाढला. आपल्याला जमतंय, याचा पुरावा त्यांना दर तासिकेला मिळत होता.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्येही 'ब्रेव्हे'च्या पायऱ्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर अशा चढत जातात. २०० साठी साडेतेरा तास मिळतात. नाशिकच्या नवख्या सायकलस्वाराला तेही जास्त वाटलं, तर गंगापूर धरणापर्यंत जाऊन परत येणं हे या रविवारचं उद्दिष्ट पुरेसं आहे.