आधार सोडून यान हाकताना



बैल थांबले की गाडी थांबते, हे बैलगाडी हाकणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. सायकलचे पायडल मारणे सोडले, की चार-दोन कासऱ्यांवर ती उभी राहते. चालत राहायचे असेल तर रेटत राहिले पाहिजे, हा आपला जन्माचा अनुभव. तो खोटा नाही, पण तो जमिनीपुरता खरा आहे. जमीन सुटली, हवा सुटली, की हाच अनुभव उपयोगी पडायचा सोडून आडवा येतो. तो कसा आडवा येतो आणि हाताला नवे वळण कसे लावायचे, हे शिकविणारी एक शाळा आज मुलांच्या पुढ्यात आली आहे. ती म्हणजे अवकाशयान चालविण्याचे संगणकावरील खेळ. आज त्यांच्याविषयी थोडे बोलू.

इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली 'एलिट' नावाचा खेळ तयार केला. त्याच घराण्यातला 'एलिट डेंजरस' हा खेळ २०१४ च्या डिसेंबरात आला. यात खेळणारा एका यानाचा चालक असतो. माल भरायचा, ताऱ्यांमधून प्रवास करायचा आणि स्वतःभोवती फिरणाऱ्या स्थानकाच्या अरुंद तोंडातून आत शिरून यान उतरवायचे, असा त्याचा व्यवसाय. नेहमीच्या रीतीत यानातला संगणक चालकाला मदत करतो. या मदतीला 'फ्लाइट असिस्ट' म्हणतात. एक कळ दाबली, की ती बंद करता येते. कळ दाबणे सोपे आहे. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

ही मदत करते तरी काय? समजा, यान सरळ चालले आहे आणि तुम्ही त्याचे नाक उजवीकडे वळविले. संगणक गुपचूप बाजूची लहान इंजिने पेटवितो, जुन्या दिशेचा वेग मोडून काढतो आणि नव्या दिशेने वेग देतो. तुम्हांला वाटते, नाक वळले तसे यान वळले, अगदी मोटारीसारखे. हात सोडला, की यानाचे फिरणेही तो थांबवितो. थोडक्यात, अवकाशात नसलेली जमीन संगणक तुमच्यासाठी उभी करतो. मदत बंद केली, की ही खोटी जमीन नाहीशी होते. नाक वळते, पण यान जुन्या वाटेनेच घसरत राहते. नवखा चालक गोंधळतो, आणखी जोर लावतो, आणि स्थानकाच्या भिंतीवर जाऊन आदळतो.

हे समजण्यासाठी कॅरमचा बोर्ड आठवा. बोर्डावर पावडर नसेल, तर स्ट्रायकर थोडा जाऊन अडतो. पावडर चांगली घासली, की तेवढ्याच टिचकीने तो पलीकडच्या कडेला आपटून परत येतो. आता कल्पना करा, की पावडर इतकी उत्तम आहे की घर्षण उरलेलेच नाही, आणि बोर्डाला कडाच नाहीत. मग एकदा टिचकी मारलेला स्ट्रायकर थांबणार कधी? तो थांबणारच नाही. न्यूटनने १६८७ साली छापलेल्या ग्रंथातला गतीचा पहिला नियम तो हाच. मुले तो पाठ म्हणतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळवितात. पण मनातून त्यांचा त्याच्यावर विश्वास बसलेला नसतो, कारण रोजचे जग त्याच्या उलट साक्ष देत असते. आधार सोडून यान हाकणाऱ्या मुलाला मात्र विश्वास ठेवावाच लागतो. नाही तर त्याचे यान फुटते.

अशा चालकाला तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

पहिली गोष्ट : वेग हे कर्ज आहे. जेवढा घेतला तेवढा फेडावा लागतो. पुढे जाण्यासाठी इंजिन दहा सेकंद पेटविले, तर थांबण्यासाठी तेवढ्याच जोराने उलट दिशेला दहा सेकंद पेटविले पाहिजे. फुकटचा ब्रेक तेथे नाही.

दुसरी गोष्ट : नाक एकीकडे आणि जाणे दुसरीकडे, असे होऊ शकते. गोदावरीला पाणी असताना नावाडी नाव पलीकडे कशी नेतो, ते पाहा. नाळ समोरच्या घाटाकडे असते, पण प्रवाह नावेला खाली ओढत असतो. म्हणून तो घाटाच्या वरच्या अंगाला रोख धरतो. नाव कोठे बघते आणि कोठे जाते, हा फरक त्याच्या हाडीमासी मुरलेला असतो. यानाच्या चालकालाही तोच फरक ओळखावा लागतो.

तिसरी गोष्ट : फिरणेदेखील आपोआप थांबत नाही. यान डावीकडे वळू लागले, की वळतच राहते. ते थांबवायचे तर उजवीकडे तेवढाच झटका द्यावा लागतो.

आता सराव कसा करावा? जाणता चालक नवख्याला आधी स्थानकापासून लांब, मोकळ्या जागी नेईल, आणि लहान यान देईल. प्रथम फक्त फिरण्याचा सराव. एक हलका झटका द्यायचा, यान फिरू द्यायचे, मग उलट झटका देऊन ते स्थिर करायचे. हे जमले, की सरळ रेषेत जाणे आणि थांबणे. त्यानंतर यान उलटे फिरवून मागच्या मोठ्या इंजिनाने वेग मोडणे. मग एखादा खडक निवडून, नाक त्याच्यावर रोखून, त्याच्याभोवती फेरी मारणे. स्थानकाची पाळी सर्वांत शेवटी. आणि सर्व पायऱ्यांवर एकच सांगणे : थोडे द्या, थांबा, काय झाले ते पाहा, मग पुन्हा थोडे द्या. कळ दाबून धरणारा हात या विद्येत नापास होतो.

येथे थोडे गणित करू. यान स्थानकाकडे सेकंदाला १० मीटर वेगाने चालले आहे. त्याचे उलटे इंजिन दर सेकंदाला अर्धा मीटर वेग कमी करू शकते. थांबायला किती वेळ लागेल? २० सेकंद. तेवढ्या वेळात यान किती पुढे जाईल? सरासरी वेग ५ मीटर, म्हणून १०० मीटर. आता वेग दुप्पट करा, सेकंदाला २० मीटर. वेळ लागेल ४० सेकंद, सरासरी वेग १० मीटर, आणि अंतर ४०० मीटर. म्हणजे वेग दुप्पट झाला, तर थांबण्याचे अंतर चौपट झाले. हे गणित नांदेड-लातूर रस्त्यावरच्या मोटारसायकललाही लागू आहे, हे तरुण श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

खेळ म्हणजे सर्व सत्य नव्हे, हेही सांगितले पाहिजे. 'एलिट डेंजरस'मध्ये मदत बंद केली तरी यानाच्या वेगाला वरची मर्यादा राहते. खऱ्या अवकाशात तशी नसते. शिवाय पृथ्वीभोवती फिरणाऱ्या खऱ्या यानाची आणखी एक अडचण असते. १९६५ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या 'जेमिनी-४' यानात जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्यांनी नाक त्याच्याकडे रोखले आणि इंजिन पेटविले. पण अंतर कमी होण्याऐवजी वाढत गेले, आणि इंधन संपू लागल्यामुळे प्रयत्न सोडून द्यावा लागला. कारण असे, की कक्षेत पुढे जोर लावला तर यान वरच्या, लांबच्या वाटेला लागते आणि एकंदरीत मागे पडते. पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करून खालच्या, जवळच्या वाटेला उतरावे लागते. हे शिकून घेतल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात 'जेमिनी-६' हे यान 'जेमिनी-७' च्या अगदी निकट, हातभर अंतरावर जाऊन पोहोचले.

आता तुम्ही विचाराल, की संगणक हे सारे करू शकतो, तर माणसाने शिकायचे कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी 'स्पेडेक्स' मोहिमेचे दोन लहान उपग्रह सोडले आणि १६ जानेवारी २०२५ रोजी ते अवकाशात एकमेकांना जोडले. त्यांच्यात माणूस नव्हता. १२ जानेवारीला ते तीन मीटरपर्यंत जवळ आणले गेले आणि चाचणी करून पुन्हा दूर नेले गेले. घाई नाही, हट्ट नाही. तसेच २०२५ च्या जून महिन्यात शुभांशु शुक्ला ज्या यानातून अंतराळ स्थानकावर गेले, त्या यानाचे वैमानिक तेच होते. परंतु यान स्थानकाला आपले आपण जोडले गेले.

तरीही हाताची विद्या लागते, याचे दोन दाखले देतो. १९८५ साली सोव्हिएत संघाचे 'सॅल्यूत-७' हे स्थानक अवकाशात निकामी होऊन पडले होते. वीज नाही, संदेश नाही, आत सारे गोठलेले. असल्या मुक्या स्थानकाशी यानाचा संगणक बोलणार कसा? त्या जूनमध्ये व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख तेथे गेले. अंतर मोजण्याचे लेसरचे उपकरण त्यांच्याजवळ होते. झानिबेकोव्ह यांनी हाताने यान चालवून ते स्थानकाला जोडले, आणि दोघांनी ते स्थानक पुन्हा जिवंत केले.

दुसरा दाखला उलटा आहे. २५ जून १९९७ रोजी 'मीर' स्थानकावर एक मालवाहू यान हाताने आणून जोडण्याची चाचणी चालली होती. चालक वासिली त्सिब्लियेव्ह स्थानकात बसून, दूरचित्राच्या पडद्याकडे पाहत, ते चालवीत होते. यान किती अंतरावर आहे आणि किती वेगाने येत आहे, हे सांगणारे रडारचे आकडे त्यांच्यापुढे नव्हते. पडद्यावर खाली ढगाळ पृथ्वी, आणि तिच्यावर लहानसे स्थानक. वेग अपेक्षेपेक्षा जास्त आहे हे कळले तेव्हा उशीर झाला होता. यान 'स्पेक्टर' या भागावर आदळले आणि आतली हवा गळू लागली. तिघा अंतराळवीरांनी तारा तोडून, तो भाग झाकण लावून बंद केला, म्हणून सारे वाचले.

दोन्ही वेळा हात माणसाचाच होता. मग फरक कोठे पडला? एकाच्या हाती मोजमाप होते, दुसऱ्याला अंदाजावर सोडले होते. ज्याला अंतर आणि वेग ठाऊक नाही, त्याच्या कौशल्याला अवकाशात आधार नसतो. म्हणून खेळात मदत बंद करणे ही शौर्याची गोष्ट समजू नये. जे मोजण्याचे काम संगणक करीत होता, ते आता आपल्याकडे आले, एवढाच त्याचा अर्थ.

वेग म्हणजे तरी कोणाच्या मानाने? अंतराळ स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावते. तरी जवळ येणाऱ्या यानाला स्थानकाच्या मानाने आपला वेग किती, एवढेच पाहायचे असते, आणि तो अखेरीस सेकंदाला काही सेंटिमीटर उरतो. हा विचार आपल्याला परका नाही. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरची स्थिर झाडे मागे जाताना दिसतात, हा दृष्टान्त आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात दिला आहे. त्याचे जन्मस्थान कोणते याविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण त्याचा भाष्यकार पहिला भास्कर त्याला अश्मक देशाचा म्हणतो, आणि अश्मक म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठचा प्राचीन देश.

शिक्षक बंधुभगिनींना माझे एक सुचविणे आहे. 'एलिट डेंजरस' विकत घ्यावा लागतो आणि त्याला चांगला भारी संगणक लागतो. तो खेडेगावच्या शाळेला परवडणार नाही. परंतु २०२० च्या मे महिन्यात स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीने आपले यान अंतराळ स्थानकाला हाताने जोडण्याचा एक सराव-खेळ विनामूल्य खुला केला. तो साध्या संगणकावर, ब्राउझरमध्ये चालतो. त्यात अंतर आणि वेग यांचे आकडे समोर दिसतात, आणि शेवटी सर्व आकडे ०.२ च्या आत आणले तरच यान जुळते. शाळेत एक संगणक असला तरी पुरे. एका मुलाने कळा दाबाव्यात, दुसऱ्याने अंतर वाचावे, तिसऱ्याने घड्याळ धरून दर दहा सेकंदांनी ते फळ्यावर लिहावे. वर्गाने वेग काढावा आणि आता थांबायला सुरुवात करावी की नाही, ते सांगावे. संगणक नसेल, तर कॅरमचा बोर्ड आहेच. पावडर घालून आणि न घालता स्ट्रायकर किती जातो, हे फूटपट्टीने मोजून घ्या.

पालकांनाही थोडे सांगतो. पोर पडद्यासमोर बसले की आपला जीव खालीवर होतो, आणि ते योग्यच आहे. वेळेचे बंधन घालावेच. पण त्याआधी एकदा त्याच्याजवळ बसून विचारा, "बाळा, तुझे यान कशाने थांबते?" त्याने "कळ सोडली की थांबते" असे उत्तर दिले, तर मदतीची कळ बंद करायला सांगा आणि पुढे काय होते ते दोघे मिळून पाहा. पहिल्या दिवशी यान बहुधा भिंतीवरच आदळेल. त्या वेळी हसू नका. किती वेग होता आणि किती अंतर उरले होते, एवढे त्याला वहीत लिहायला लावा.