पाळणाघरातील झोप

कामगार चळवळीतला मनुष्य व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो पगार, बोनस नाहीतर महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती काही गैर नाही. आज मात्र आम्ही निराळा विषय घेतला आहे. आई कामावर असताना दुसऱ्याच्या हवाली केलेले तान्हे मूल कसे झोपते, हा तो विषय. हा बायकांचा किंवा डॉक्टरांचा प्रश्न, यात युनियनवाल्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी आम्हीही तेच म्हटले असते.

वसईच्या पूर्वेस वालीवचा औद्योगिक पट्टा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पत्र्याच्या छपरांचे गाळे एकाला एक लागून उभे. कुठे प्लॅस्टिकचे साचे चालतात, कुठे नुसते पॅकिंग. अशाच एका गाळ्यातल्या बाई एकदा आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या. तीन महिन्यांचे मूल चाळीतल्या एका मावशींकडे ठेवून त्या कामावर जाऊ लागल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत पाजायला गेल्या, तो मूल पालथे, तोंड उशीत रुतलेले, ओठ निळसर. उचलून छातीशी धरले तेव्हा कुठे ते रडले. मूल वाचले. आम्ही तावातावाने मावशींना जाब विचारायला गेलो. पाहतो तर एका खोलीत अकरा मुले, एक पंखा, आणि सांभाळणाऱ्या त्या एकट्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, पालथं घातलं की गॅस सुटतो, पोर शांत निजतं. माझी चारही अशीच वाढली.”

यावर आम्हांला उत्तर देता आले नाही. आमच्या मागणीपत्रात ‘पाळणाघर’ हा शब्द होता. पण पाळणाघरात मुलाला निजवावे कसे, हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे सारे शिक्षण असे कुठे अडले म्हणजे झाले. त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, समजेना ते डॉक्टरांना विचारू लागलो. त्याचे सार आपणांपुढे ठेवतो.

कामकरी आईच्या मुलाची झोप हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो बाया काम करीत, तेव्हा मागे राहिलेले मूल दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफू घातलेली ‘बाळागोळी’ चारीत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली गिरणीतल्या बायांची पाहणी केली, तेव्हा शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते असे नमूद झाले. त्या आया निर्दय होत्या काय? मुळीच नाही. साचा सोडून घरी जाता येत नव्हते आणि मुलाजवळ बसायला कोणी नव्हते. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचे केले; १९७६ साली ही संख्या तिसावर आणली. म्हणजे मुलाची झोप हा कामगारांचा प्रश्न आहे, हे आमच्या आधीच्या पिढीने ओळखले होते. आम्हीच ते विसरलो.

आता झोपेचे शास्त्र पाहू. मूल उताणे निजवावे की पालथे? आपल्या आज्यांनी पाळण्यात मूल उताणेच निजवले. पालथे घालण्याची टूम पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्याला जोरात आली. अमेरिकेतील डॉ. स्पॉक यांच्या लाखोंनी खपलेल्या पुस्तकातही तोच सल्ला होता. उताण्या मुलाला उलटी झाली तर ते गुदमरेल, अशी भीती त्यामागे होती. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला होता, पण तो चुकीचा होता. तपासणी करता करता दिसून आले की, रात्री धडधाकट निजलेली आणि सकाळी मृत आढळलेली मुले पुष्कळदा पालथी असत. डिसेंबर १९९१ मध्ये ब्रिटनने ‘मूल उताणे निजवा’ अशी मोहीम काढली, आणि थोड्याच वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. ना नवे औषध, ना यंत्र. मूल फक्त उलटे करून ठेवले, एवढेच!

असे का व्हावे? तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कमजोर असते. तोंड मऊ अंथरुणात गेले की त्याने सोडलेलाच उच्छ्वास ते पुन्हा आत घेते. मोठा मनुष्य अशा वेळी दचकून जागा होतो. दोन-चार महिन्यांच्या मुलाच्या मेंदूत जागे होण्याची ही युक्ती अजून पक्की झालेली नसते. पालथे मूल शांत निजते हे मावशींचे म्हणणे खरेच होते. पण ती शांतता म्हणजे सहज जाग न येणे, आणि धोका तोच आहे. उलटीची भीतीही खरी नाही. मूल उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेले दूध श्वासनलिकेत शिरायचे तर त्याला चढून जावे लागेल. पालथे असताना उलट होते. पाजल्यावर मूल खांद्याशी उभे धरून ढेकर काढावी आणि मग उताणे ठेवावे, म्हणजे झाले.

यापुढची गोष्ट पाळणाघरांपुरती आहे आणि सर्वांत महत्त्वाची आहे. अमेरिकेतील डॉ. रेचेल मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, तिथल्या अशा आकस्मिक मृत्यूंपैकी सुमारे २० टक्के मुले त्या वेळी आईबापांपाशी नव्हती, सांभाळणाऱ्यांकडे होती; आणि त्यांतली सुमारे एकतृतीयांश पहिल्या आठवड्यातच दगावली होती. पहिला आठवडाच का? न्यूझीलंडमधल्या १९९९ सालच्या अभ्यासातून याचा उलगडा होतो. जे मूल घरी नेहमी उताणे निजते, ते एखाद्या दिवशी एकाएकी पालथे घातले तर धोका पंधरापटींहून अधिक वाढतो. वालीवच्या त्या मुलाचे हेच झाले होते. घरी ते उताणे निजत असे. दोष ना आईचा ना मावशींचा. हवाली करताना एक वाक्य बोलायचे राहून गेले होते.

तेव्हा मूल दुसऱ्याकडे देताना दूध, लंगोट, दुपटे यांच्याबरोबर पुढील गोष्टीही सांगाव्यात आणि सांभाळणाऱ्याने त्या विचारून घ्याव्यात. एक वर्षापर्यंत मूल दर झोपेला उताणे, घट्ट आणि सपाट अंथरुणावर ठेवावे. डोके गोल यावे म्हणून आपल्याकडे राईची उशी देतात. ती झोपेत नको. जाड गोधडी, तक्के, कापडी बाहुल्या जवळ नकोत. टोपरे आणि कुंची बाहेर नेताना शोभतात, पण पत्र्याखालच्या उकाड्यात झोपलेल्या मुलाचे डोके उघडे असू द्यावे. साडीची झोळी उंदीर, मुंग्या आणि ओल यांपासून वाचवते हे आम्ही जाणतो. परंतु तिच्यात पाठीची कमान होऊन हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोका देऊन मूल निजले की त्याला सपाट जागी ठेवावे. मोठ्या मुलांना रिकाम्या झोळीशी खेळू देऊ नये. गळ्याला पीळ बसून मुले गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. खोलीत विडी-सिगारेट नको, धुरी नको. झोप यावी म्हणून खोकल्याचे औषध चमचाभर देणे ही बाळागोळीचीच धाकटी बहीण आहे. आणि मूल जागे असेल, मालिश चालू असेल, तेव्हा त्याला डोळ्यांदेखत अवश्य पालथे घालावे. मान आणि खांदे त्यानेच बळकट होतात.

पण हे सर्व कोण करणार? अकरा मुलांमागे एकटी बाई दर दहा-पंधरा मिनिटांनी प्रत्येक मुलाचे तोंड पाहू शकत नाही. इथे आरोग्याचा प्रश्न पुन्हा मजुरीच्या प्रश्नाला येऊन मिळतो. २०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची आहे. परंतु कंत्राटातल्या ज्या बाईचे नाव हजेरीपटावरच नाही, ती दोन-तीन महिन्यांत कामावर परतते. आणि मुलाला सर्वांत अधिक धोका असतो तो नेमका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात. शिवाय दुहेरी पाळी करून आलेली आई रात्री पाजता पाजता मुलावरच झोपी जाते, तो धोका वेगळाच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कारखाना कायदा जाऊन नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत पाळणाघरासाठी केवळ स्त्रियांची संख्या मोजत नाहीत. स्त्रीपुरुष मिळून पन्नासाची अट आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याचा हक्क आहे. ज्या गाळ्यात पंधरा-वीस माणसे राबतात, तिथे ही अट पोहोचत नाही. मात्र अनेक आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवावे, अशी सोय त्याच संहितेत आहे. वालीवच्या पट्ट्यात गाळ्याला गाळा लागून आहे. मग ही सोय वापरायला अडचण कसली? आपल्याच जिल्ह्यात कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, कारण धाकट्याला सांभाळण्यापायी थोरल्या बहिणीची शाळा बुडत होती. ते काम त्यांनी आदिवासी पाड्यांत केले. कारखान्यांच्या गावाला ते जड जाऊ नये.

आमच्या मागणीपत्रात आता पाळणाघरापुढे चार ओळी अधिक असतात: प्रत्येक तान्ह्याला स्वतंत्र सपाट अंथरूण, मोजक्याच मुलांमागे एक बाई, त्या बाईला शिक्षण आणि पुरती मजुरी, आणि पहिला आठवडाभर आईला मुलाकडे जायला मोकळीक. त्या मावशी आता मुले कमी घेतात, आणि नव्या आईला दारातच विचारतात, “घरी कसं निजवता?” हा प्रश्न आपण सर्वांनी विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.