लिनक्स प्रणालीचे साचे घडविताना उद्भवणारा अवलंबन-अभाव : स्वरूप व निराकरण

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत ४० यंत्रे असतील, तर प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे प्रणाली उभारणे व्यवहार्य ठरत नाही. म्हणून एक प्रणाली काळजीपूर्वक घडवून तिच्या प्रती काढल्या जातात. या मूळ प्रणालीस साचा अथवा टेम्पलेट असे म्हणतात. साच्यात राहिलेला दोष प्रत्येक प्रतीत उतरतो आणि तो बहुधा प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच प्रकट होतो. साचा घडविताना वारंवार अनुभवास येणारी अडचण म्हणजे आवश्यक पॅकेज न सापडणे. प्रस्तुत लेखात डेबियन या लिनक्स वितरणाच्या आधारे या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

तालिका आणि भांडार

लिनक्समधील प्रत्येक पॅकेज आपल्यासोबत एक यादी बाळगते. आपणास चालण्यासाठी अन्य कोणती पॅकेजे, किमान कोणत्या आवृत्तीची हवीत, हे त्या यादीत नमूद असते. यालाच अवलंबन म्हणतात. पॅकेज बसविणारे ॲप्ट हे साधन ही पॅकेजे थेट भांडारात शोधत नाही. ग्रंथालयात वाचकाने कपाटाऐवजी तालिका पाहावी, तसे ते आधी उतरवून घेतलेली सूची पाहते. त्यामुळे दोषसंदेशात एखाद्या पॅकेजचे नाव झळकत असले, तरी दोष पुष्कळदा त्या पॅकेजात नसून साचा घडविताना कोणती तालिका समोर होती, यात असतो. नवखा प्रशासक मात्र त्या नावाच्याच मागे लागतो.

दोषसंदेशाचे वाचन

ॲप्टचे संदेश रुक्ष असले, तरी विलक्षण काटेकोर असतात. अवलंबन अपूर्ण असल्याचे सांगताना ते जे शब्दप्रयोग करते, त्यांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत आणि त्या तिन्हींचे उपाय भिन्न आहेत. ‘नॉट इन्स्टॉलेबल’ असे म्हटले असेल, तर ते पॅकेज समोरच्या कोणत्याही तालिकेत बसविण्याजोगे उपलब्ध नाही. अशा वेळी भांडाराचा एखादा विभाग जोडावयाचा राहिला आहे काय, हे पाहावे. अमुक आवृत्ती हवी, पण दुसरीच बसविली जाणार आहे, असा संदेश असेल, तर दोन निराळ्या प्रकाशनांची भांडारे एकत्र आली असण्याची शक्यता मोठी. डेबियनच्या वर्तुळात अशा मिश्र प्रणालीस ‘फ्रँकेनडेबियन’ असे खोचक नाव आहे, ते अगदी सार्थ होय. ‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ हा तिसरा प्रयोग सर्वांत फसवा आहे. येथे पॅकेज उपलब्ध असते. परंतु त्याच्याही खालच्या पायरीवर कोठेतरी संघर्ष असतो. तेव्हा संदेशात आलेले पॅकेज एकट्याने बसविण्याची मागणी करावी, म्हणजे पुढची पायरी दिसते. असे एकेक पायरी उतरत मूळ कारणापर्यंत जाता येते. ॲप्ट-कॅशच्या ‘पॉलिसी’ या आज्ञेने कोणती आवृत्ती कोणत्या भांडारातून येणार, हेही कळते.

तालिका बदलते, याचेही भान हवे. डेबियन १२ हे प्रकाशन जून २०२३ मध्ये आले, तेव्हा यंत्रभागांस लागणारी फर्मवेअर पॅकेजे ‘नॉन-फ्री’ विभागातून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या नव्या विभागात हलविण्यात आली. जुनी आज्ञावली तशीच वापरल्यास इंटेलच्या वायफाय कार्डांचे फर्मवेअर सापडत नाही. सेंटओएस ७ चा आधारकाळ ३० जून २०२४ रोजी संपला व त्याची पॅकेजे ‘व्हॉल्ट’ या संग्रहात गेली. तेथेही जुने पत्ते निकामी झाले.

डेबियनचा पाया घालणारे डेबूटस्ट्रॅप हे साधन याहून साधे आहे. पर्यायी अवलंबने दिलेली असतील, तर ते पहिलाच पर्याय घेते आणि आवृत्तीची अट विचारातच घेत नाही. शिवाय वेगळे सांगितले नाही, तर ते केवळ ‘मेन’ हा विभाग पाहते. म्हणून त्याच्याकडून किमान पाया घालून घ्यावा व उर्वरित पॅकेजे साच्याच्या आत शिरून ॲप्टकरवी बसवावीत, हे श्रेयस्कर. संपूर्ण काम ॲप्टच्याच हाती सोपविणारे एमएमडेबस्ट्रॅप हे साधनही उपलब्ध आहे.

डीपीकेजीला बळजबरीचा पर्याय देऊन अवलंबन डावलण्याचा मोह टाळलाच पाहिजे. पॅकेज बसते खरे, पण त्यानंतर नवे काही बसविताना ॲप्ट प्रत्येक वेळी तीच तक्रार करते, आणि तीही ४० यंत्रांवर.

संदेशाविना राहणारा अभाव

आतापर्यंतचे दोष निदान बोलके होते. काही उणिवा मात्र कोणताही संदेश न देता साच्यात राहतात. अवलंबनाहून सौम्य असे ‘शिफारस’ हे नाते पॅकेजांत असते. साच्याचा आकार लहान ठेवण्यासाठी शिफारशी वगळण्याची प्रथा आहे. डब्ल्यूगेट हे पॅकेज सीए-सर्टिफिकेट्सची केवळ शिफारस करते. ती वगळल्यास साचा निर्विघ्नपणे तयार होतो, परंतु सुरक्षित संकेतस्थळावरून धारिका उतरविताना प्रमाणपत्राची खात्री पटत नाही आणि काम अडते.

देवनागरीची स्थिती याहून बिकट आहे. मजकूर लिहिण्याचे सॉफ्टवेअर देवनागरी फॉन्टवाचूनही सुरू होते. त्यामुळे किमान साच्यात मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या, तरी ॲप्टच्या दृष्टीने प्रणाली परिपूर्णच असते. ‘लोकेल्स’ हे पॅकेजही किमान पायात येत नाही; त्यावाचून मराठी लोकेल निर्माण करता येत नाही. भाषा विभागाच्या प्रयोगशाळेसाठी साचा घडविताना ‘लोकेल्स’ व ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ ही दोन्ही पॅकेजे नावानिशी मागावी लागतात, आणि प्रती काढण्यापूर्वी एका यंत्रावर मराठी धारिका प्रत्यक्ष उघडून पाहावी लागते.